उजवा खांदा अर्धा इंच खाली

आमच्या दुकानात शिलाईचे पैसे पडतात, सल्ला फुकट मिळतो. निदान परवापरवापर्यंत मिळत होता. तीस वर्षं मी लोकांच्या पाठीमागे उभा राहून टेप लावतोय, आणि पाठीमागे कुणी उभं असलं की माणूस मोकळा बोलतो. कुणाचं पोट सुटलं, कुणाची नोकरी सुटली, कुणाच्या घरी धुसफूस चालू आहे, हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि त्याचा मला चांगलाच माज होता. त्यात आमच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मग तर माझ्या तोंडाला धरबंधच उरला नाही.

गिऱ्हाईक पँटची उंची देता देता विचारायचं, "मास्तर, मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. पुढे कुठे घालावं?" मी टेप गळ्यात टाकायचो आणि सुरू व्हायचो. बेकरीवाल्या बाईंना तर मी एकदा तासभर उभं केलं होतं. कॉलेजची इमारत बघू नका, तिथून बाहेर पडलेली पोरं आज कुठे आहेत ते विचारा. छापलेली फी म्हणजे निम्मा खर्च. खोली, जेवण, पुस्तकं, येणं-जाणं धरूनच काय ते ठरवा. फी माफीच्या अर्जांची तारीख प्रवेशाच्या आधीच उलटून जाते, तेव्हा झोपून राहू नका. बाई बिलाच्या मागच्या बाजूला सगळं लिहून घेत होत्या. शेवटी मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. "आणि एक लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी पोर रडणार. फोन करून विचारणार, परत येऊ का? अजिबात हो म्हणायचं नाही. एकदा कापलेलं कापड परत ताग्याला जोडता येत नाही."

बाईंनी तेही लिहून घेतलं. त्यांची मुलगी शेजारीच उभी होती आणि आरशातून माझ्याकडे बघत होती. तिला काय हवंय हे मी विचारलं नाही. सल्ले तसे वाईट नव्हते. आजही कुणाला हवे असतील तर शेवटचा सोडून बाकीचे घेऊन जा.

आमचा मुलगा एकुलता एक. लहानपणी त्याने शर्टाची गुंडी गिळली होती आणि ती बाहेर पडेपर्यंत दोन दिवस आम्ही नवरा-बायको डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. तेव्हापासून त्याचं नाव गुंडी. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव आहे, पण ते फक्त शाळेलाच ठाऊक. पोरगा अबोल. त्याला नकाशांचा नाद होता. माझीच टेप घेऊन त्याने घरातली प्रत्येक खोली मोजली होती आणि कागदावर उतरवली होती. त्यात आईचा सुयांचा डबा आणि दाराजवळच्या माझ्या चपलासुद्धा जागच्या जागी होत्या.

त्याला जमीन मोजणीचा दोन वर्षांचा कोर्स करायचा होता. "उन्हातान्हात लोकांच्या जमिनींना टेप लावत फिरणार?" मी म्हणालो. "टेपच लावायची तर दुकानात बस की." त्यावर तो हसला आणि मला वाटलं विषय मिटला. प्रवेशाचा अर्ज मी माझ्या हाताने भरला. पसंतीच्या सगळ्या रकान्यांत इंजिनिअरिंगच लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली. पहिल्या फीसाठी भरतकामाचं मशीन विकलं. ते मशीन त्याच्या आईचं होतं. तिच्या हाताखालून काय काय निघायचं ते सांगायला बसलो तर दिवस जाईल. तेव्हापासून ती दुकानात काज-बटणं करते आणि मापाची वही लिहिते. मशीनबद्दल तिने कधी शब्द काढला नाही.

कॉलेज दुसऱ्या शहरात, बसने तीन तासांवर. तो गेल्यावर तिसऱ्या महिन्यात एका दुपारी त्याचा फोन आला. कोपऱ्यावरचे औषधवाले कोटाची ट्रायल द्यायला आरशासमोर उभे होते. त्यांचा मुलगा डॉक्टर आहे. ते हे सांगत नाहीत, पण दर पाच मिनिटांनी आपल्याला कळतं. माझ्या दोन्ही हातांत टाचण्या होत्या, म्हणून मी करंगळीने फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, मला इथलं काही समजत नाहीये," गुंडी म्हणाला. "सगळे पुढे गेलेत. मी रोज वर्गात बसतो, पण डोक्यात काहीच शिरत नाही. परत येऊ का?"

औषधवाले छताकडे बघायला लागले. मी कानकोंडा झालो. मग मी आवाज चढवला आणि ठेवणीतलं वाक्य काढलं; कात्री, कापड, तागा, सगळं. आईच्या मशीनचीही आठवण करून दिली. शेवटी म्हणालो, "रडगाणं बंद कर आणि अभ्यासाला लाग." तो म्हणाला, "बरं."

"बरोबर केलंत, मास्तर," औषधवाले म्हणाले. "कडक राहावंच लागतं." मी इतका खूश झालो की त्यांच्या कोटाच्या शिलाईत सूट दिली.

त्यानंतर गुंडीची तक्रार कधी आली नाही, आणि हेच मी पुढे सगळ्यांना पुरावा म्हणून सांगत सुटलो.

दुसरं वर्ष संपता संपता तो घरी आला. मी कटिंगच्या टेबलावर होतो. त्याने एक कागद पुढे केला. "सही हवीय, बाबा. पण आधी वाचून बघा."

"मला काय कळतंय त्यातलं? शिकलेला तू," मी म्हणालो आणि खडूच्या हाताने सही ठोकून दिली. सहीशेजारी माझा पांढरा अंगठाही उमटला. त्याच्या आईने विचारलं, "कसला रे कागद?" तो माझ्याकडे बघत राहिला. मी कात्री चालवत होतो. मग तो म्हणाला, "फीचा आहे. पुढच्या वर्षापासून फी भरावी लागणार नाही."

त्याने एवढंच सांगितलं. फी माफ झाली, हुशार मुलांचीच होते, तीनशे मुलांत चार-पाच जणांचीच, हे सगळं मी माझ्या मनाने जोडलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर केलं. चार जणांना तर त्याच्यासमोरच सांगितलं. तो दाराशी बसून माझ्या कात्रीला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही. मला वाटलं, लाजला.

पुढच्या दोन वर्षांत तो फारसा आला नाही. आला तरी एका रात्रीपुरता. "अभ्यास," मी म्हणायचो. तो काही म्हणायचा नाही. आणि यंदा, त्याच्या शेवटच्या वर्षी, मी एक पराक्रम केला. पदवीदानाला मुलं काळे गाऊन घालतात, ते शिवायचं काम मी त्याच्या कॉलेजकडून मिळवलं. नमुन्याचा गाऊन घेऊन तीनदा खेटे घातले, भाव पाडून दिला, पण काम आणलं. गुंडीला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही कशाला घेतलंत हे काम?" मी म्हणालो, "मग काय, तुझा गाऊन परक्या माणसाने शिवायचा?"

त्या आठवड्यात तो न सांगता घरी आला. कॉलेजकडून मुलांच्या मापांची यादी अजून यायची होती, पण मला दम कुठला? त्याला धरून आरशासमोर उभा केला. मी आकडे बोलायचे आणि बायकोने वहीत लिहायचे, ही आमची रीत. छाती दोन इंच वाढली होती. मान जाड झाली होती. "बसून बसून सुटलायस," मी म्हणालो. मग खांद्याला टेप लावली आणि थांबलो. पुन्हा लावली.

"उजवा खांदा अर्धा इंच खाली," मी बोललो.

बायकोने लिहिलं आणि पेन्सिल तशीच धरून वर बघितलं. "का रे गुंड्या, खांदा का उतरला तुझा?"

त्याने तोंड उघडलं. मला आरशात स्पष्ट दिसलं. काहीतरी येत होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. आणि मीच उत्तर दिलं. "पुस्तकांचं ओझं. ही पोरं एकाच खांद्यावर बॅग टाकतात. आत पॅड घालतो. कुणाला पत्ता लागणार नाही."

त्याने तोंड मिटलं. बायकोने वहीत 'पॅड' लिहिलं.

गाऊन सैल असतो, त्याला पॅड कुणी घालत नाही. पण माझ्या मुलाचा गाऊन खांद्यावर चोख बसायला हवा होता. आमचा धंदाच असा आहे. माणसात काय कमी-जास्त आहे ते बोटांना आधी कळतं आणि मग ते झाकायचं. का आहे, ते विचारायचं नसतं, गिऱ्हाईक चिडतं. तीस वर्षांची ही सवय मी स्वतःच्या पोरावरही चालवली. बाप गवंडी असता, ड्रायव्हर असता, तर त्याने साधं "काय झालं रे?" म्हणून विचारलं असतं.

पंधरा दिवसांनी यादी आली. तीनशे बारा नावं, नावापुढे उंची आणि छाती. मी गुंडीचं नाव शोधलं. मग बायकोने शोधलं. मग मी लाकडी पट्टी लावून ओळ न ओळ वाचली. तोवर गुंडीचा गाऊन शिवून, इस्त्री करून खुंटीवर टांगलासुद्धा होता.

"चुकून राहिलं असेल," बायको म्हणाली.

"चुकून कसं राहतं? फी माफ झालेला मुलगा आहे," मी उसळलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून भांडायला गेलो.

ऑफिसात पन्नाशीच्या एक बाई होत्या. मी यादी त्यांच्या टेबलावर आपटली आणि तोंडाला येईल ते बोललो. एवढं मोठं कॉलेज, एक यादी धड करता येत नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. नाव विचारलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही त्याचे कोण?"

"वडील."

त्या उठल्या, कपाटातून एक फाइल काढली आणि मला बसायला सांगितलं. "दोन वर्षांपूर्वी त्याने नाव काढून घेतलंय. पालकांची सही आहे. ही तुमचीच ना?"

सही माझीच होती. शेजारी खडूचा अंगठा, अजून पुसट दिसत होता. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, प्रवेश रद्द करण्यासाठी अर्ज. कारणापुढे गुंडीच्या बारीक अक्षरात, अभ्यास झेपत नाही. आधी वाचून बघा, असं तो म्हणाला होता. वाचायला पुऱ्या दोन ओळीही नव्हत्या.

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "अशी बरीच असतात हो," त्या म्हणाल्या. "घरी सांगता येत नाही त्यांना." मला त्यांचा राग आला. मग राग नक्की कुणावर काढायचा ते कळेना. मी पाणी प्यायलो, यादीची घडी घातली आणि गुंडीच्या खोलीचा पत्ता विचारत निघालो.

खोलीला कुलूप होतं. शेजारच्या माणसाने सांगितलं, तो या वेळी कामावर असतो, पुलापलीकडे फरशीच्या गोदामात. मी चालत गेलो. गोदामासमोर ट्रक उभा होता आणि पाच-सहा जण रांगेने फरश्यांचे खोके उतरवत होते. प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर पोत्याची घडी, घडीवर खोका. पाचवा माझा मुलगा. मी त्याला चेहऱ्याआधी खांद्यावरून ओळखलं. बाकीच्यांची घडी नुसती दुमडलेली होती, त्याची मात्र चारी बाजूंनी टाके घालून नीट शिवलेली होती. ते टाके मीच त्याला शिकवले होते.

त्याने मला बघितलं. खोका आत नेऊन ठेवला, मुकादमाला काहीतरी सांगितलं आणि हात झटकत आला. समोर चहाचं दुकान होतं, तिथे आम्ही बसलो.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं होतं. फोनवर."

"एकदाच ना? पुन्हा सांगायचं."

"तेव्हा दुकानात कोणीतरी होतं ना?"

"तुला कसं कळलं?"

"आवाजावरून," तो म्हणाला. "गिऱ्हाईक असलं की तुमचा आवाज वेगळा होतो, बाबा. लहानपणापासून ऐकतोय. तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हता."

हे तो न रागावता बोलला. रागावला असता तर मीही रागावलो असतो आणि आमचं काहीतरी मार्गी लागलं असतं.

"आणि माप घेताना?" मी म्हणालो.

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "तेव्हा ठरवूनच आलो होतो. मला स्वतःहून सुरुवात करता येत नव्हती. म्हटलं, खांदा तुमच्या हाताला लागेल. तुमच्या हाताला सगळं लागतं. मग तुम्ही विचाराल, मग सांगता येईल. आईने विचारलं तेव्हा अगदी तोंडात आलं होतं."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात, कुणाला पत्ता लागणार नाही."

तीस वर्षांत हजारो खांदे या हातांखालून गेले, आणि जो विचारा विचारा म्हणत समोर उभा राहिला, तो मी झाकून टाकला. माझे डोळे भरून आले. तो टेबलाकडे बघत बसला.

"घरी चल," मी म्हणालो. "आत्ताच चल. संध्याकाळची बस पकडू."

त्याने मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. गुंडी गिळली होती त्या दिवशी तो असाच बघत होता, तुम्ही काहीतरी करा अशा नजरेने. "येतो," तो म्हणाला. "पण लोकांना काय सांगाल?"

उत्तर सोपं होतं. लहान पोरानेही दिलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर औषधवाले आले, अर्धा शिवलेला कोट घालून आरशासमोर उभे. मी थांबलो. फार नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ. मग म्हणालो, "ते बघू. काहीतरी सांगू."

त्याने मान डोलावली. चहाचे पैसे दिले, माझेही. "ट्रक खोळंबलाय, बाबा," म्हणाला, खांद्यावर घडी टाकली आणि गेला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती काज करत होती. तिने सगळं ऐकलं आणि दोरा तोडला. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी विचारलं होतं त्याला," ती म्हणाली. "तुम्ही त्याला बोलू दिलं नाहीत." मग उरलेली काजं पुरी केली.

तेव्हापासून दर गुरुवारी ती सकाळच्या बसने जाते आणि संध्याकाळच्या बसने येते. "काय म्हणाला?" मी विचारतो. "जेवला," ती सांगते. त्यापुढे माझ्या वाट्याला काही येत नाही. मी फोन केला तर तो उचलतो. घरी कधी येतोस म्हटलं की "बघू" म्हणतो. माझाच शब्द, मला परत.

आणि गल्लीत? गल्लीत मी सांगितलं की त्याला आधीच नोकरी लागली. मोठ्या बांधकाम कंपनीत. हेही सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज राहायला नको. त्याच सुमारास बेकरीवाल्या बाई आल्या. त्यांची मुलगी आता पहिल्या वर्षाला. "रडत होती हो फोनवर," बाई म्हणाल्या. "परत येऊ का, विचारत होती. पण मी तुमचं वाक्य लक्षात ठेवलं होतं. हो म्हटलं नाही."

माझ्या तोंडात आलं, आत्ता जा आणि घेऊन या तिला. मी म्हणालो, "एकदा नीट बोलून तरी बघा तिच्याशी."

"पण तुमच्या गुंडीचं तर छानच झालं ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. त्या समाधानाने गेल्या. मी दार लावून घेतलं आणि टेबलावर डोकं ठेवून बसलो.

पदवीदानाचा दिवस नेमका गुरुवार होता. बायको माझ्याच बसने आली, पण पुलाच्या थांब्यावर डबा घेऊन उतरली. मी पुढे गेलो. हॉलच्या मागच्या खोलीत तीनशे बारा गाऊन, टाचण्यांचा डबा आणि मी. गुंडीचा गाऊनही आणला होता, तीनशे तेरावा. का आणला ते मला विचारू नका. येईल अशी आशा असेल.

पोरं आली, त्यांचे आईबाप आले, एकच गलका. मी कॉलर सरळ करत होतो, कुणाची बाही टाचत होतो. प्रत्येक खांद्यावरून हात फिरवताना मन नको तिथे जात होतं. बाहेर नावं पुकारायला लागली आणि तेवढ्यात एका उंच मुलाच्या गाऊनवर मागच्याने पाय दिला. कमरेपासून खालपर्यंत टर्रकन फाटला. शिवायला वेळ नव्हता. मी गुंडीचा गाऊन काढला आणि त्याला चढवला. उंची तंतोतंत बसली.

त्याची आई दोन पावलं मागे सरून बघायला लागली. "मास्तर, याचा उजवा खांदा वर का दिसतोय?"

खोलीत पन्नासेक माणसं होती. "आत पॅड आहे," मी म्हणालो. "हा गाऊन माझ्या मुलासाठी शिवला होता. त्याचा उजवा खांदा खाली आहे."

"म्हणजे तुमचा मुलगाही आज आहे?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला इथलं झेपलं नाही. त्याने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तो आता पुलापलीकडे गोदामात फरश्या उतरवतो. त्यानेच खांदा उतरलाय."

सांगून झालं. कुठे काही कोसळलं नाही. एक-दोघांनी नजर वळवली, एका बापाने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या आईने हळूच विचारलं, "पॅड काढता येईल का?" मी ब्लेडने टाके उसवले, पॅड काढून खिशात टाकलं आणि मुलगा पळत गेला.

एवढंच होतं. एवढ्यासाठी मी पोराला चहाच्या दुकानातून परत ट्रककडे जाऊ दिलं होतं. परत गेल्यावर पहिल्यांदा बेकरीत जायचं, मी ठरवलं, मग औषधवाल्यांकडे. मला एकदम हलकं वाटायला लागलं आणि ते गुंडीला कधी सांगतो असं झालं. मी तिथेच, त्या गर्दीत उभा राहून फोन लावला. त्याने उचलला.

"गुंड्या, घरी ये," मी म्हणालो. "मी सांगितलं सगळ्यांना. खरं तेच सांगितलं. मी चुकलो रे. तू फरश्या उचल, जमिनी मोज, तुला हवं ते कर, पण घरी ये. मला लोकांची पर्वा नाही आता."

माझा आवाज चढला होता. आजूबाजूची माणसं गप्प झाली होती. शेजारच्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. ते मला दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पलीकडे ट्रकचं इंजिन चालू होतं.

"बाबा," मग त्याने विचारलं, "तुमच्या शेजारी कोणी आहे का?"

मी सभोवार बघितलं. सगळे माझ्याकडेच बघत होते.

"आहेत," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला.